कॉम्प्युटर सारखा बंद पडतोय? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

शेवगाव : ऊन वाढलं की ही तक्रार हमखास ऐकू येते. घरचा कॉम्प्युटर चालू होतो, दहा-पंधरा मिनिटं चालतो अन् एकदम बंद पडतो. मग 'व्हायरस आला असेल' म्हणून सीपीयू मोटारसायकलवर बांधून शेवगावला नेला जातो. दुकानात फॉरमॅट मारतात, आठ दिवसांनी पुन्हा तेच. खराबी होती तिथंच राहते. जातात ते लग्नाचे फोटो, दूध डेअरीचा हिशोब अन् पोरांचे प्रोजेक्ट, कारण डेस्कटॉपवर आणि सी ड्राइव्हमध्ये ठेवलेलं सगळं फॉरमॅटमध्ये पुसलं जातं.

त्यामुळं पहिलं काम दुरुस्तीचं नाही. मशीन थोडा वेळ तरी चालतंय तोवर महत्त्वाच्या फाइल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. अजिबात चालू होत नसेल तर दुकानात स्पष्ट सांगा, 'आधी हार्ड डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, डाटा काढा, मग बाकीचं.' हे काम अवघड नसतं, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

मग बंद कसा पडतो ते बघा. काही न दाखवता खटकन बंद झाला तर बहुतेक वेळा वीज नाहीतर उष्णता. निळा स्क्रीन येऊन रीस्टार्ट झाला तर रॅम, हार्ड डिस्क किंवा ड्रायव्हर.

आपल्याकडं विजेचा संशय आधी घ्यावा. घरात २३० व्होल्टच्या आसपास दाब पाहिजे. पण वस्त्यांवर शेतीच्या लाईनवर घर असलं, की थ्री फेज येताच ऑटो स्विचच्या मोटारी एकदम उठतात अन् दाब खाली बसतो. मोटारी उठल्या किंवा मिक्सर लावला की कॉम्प्युटर जातोय का, हे चार दिवस लक्ष देऊन बघा. वायरमनकडून मीटर लावून दाब मोजून घ्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग गेलंय. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी सोडावं लागतं. स्टॅबिलायझर दाब सांभाळतो, पण लाईट गेल्यावर कामाचा नाही. त्याला यूपीएसच लागतो, आणि त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर आहे का ते बघा. नसेल तर लाईट जाता-येताना मशीन रीस्टार्ट होतं.

कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, घरी खोलू नये. प्लग काढल्यावरही त्यात काही वेळ करंट राहतो. दुकानात दुसरा लावून बघणं सोपं.

दुसरं कारण धूळ. टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेल्या सीपीयूत फुफाटा अन् कापसाचे तंतू पंख्याखाली गादीसारखे बसतात. कधी पाल सापडते, कधी उंदरानं वायर कुरतडलेली. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. प्लग काढा, बाजूचा पत्रा उघडा, रंगाच्या कोरड्या मऊ ब्रशनं झाडा. ब्लोअर मारताना पंखा पेन्सिलनं धरून ठेवा, गरागरा फिरू देऊ नका. तरीही तापत असेल तर प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली असते, ती दुकानातून बदलून घ्या.

निळ्या स्क्रीनचं वेगळं. तो दोन सेकंदात जातो म्हणून कोड वाचता येत नाही. सिस्टीम प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड, तिथं स्टार्टअप अँड रिकव्हरी, त्यातली 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट' ही खूण काढा. स्क्रीन थांबेल, मोबाइलनं फोटो काढा. हा फोटो मेकॅनिकचा अर्धा वेळ वाचवतो. रॅम काढून तिचे सोनेरी दात खोडरबरानं हलके पुसून परत बसवल्यानंही पुष्कळदा काम होतं. सर्चमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' टाकलं की रॅमची तपासणीही होते.

निळा स्क्रीन म्हणजे मशीन गेलं असंही नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका चुकीच्या अपडेटनं जगभरात सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर असेच निळे झाले, विमानतळांवर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. उपाय काय होता, तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसणं. फॉरमॅट नव्हे.

हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मात्र चेक डिस्क वगैरे काही चालवू नका. अशी डिस्क जितकी चालेल तितकी खराब होते. लगेच बंद करा, डाटा काढून घ्या अन् नवीन एसएसडी टाका. जुनं मशीनही तिच्यावर हलकं चालतं.

आणखी एक. विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळं कॉम्प्युटर आपोआप बंद पडत नाही. दुकानदार तसं सांगून नवीन मशीन गळ्यात मारत असेल तर आधी एसएमपीएस, पंखा अन् रॅम तपासायला लावा.