पक्षाचे बंधन आणि प्रश्नाचा अधिकार : गोंधळ, कलगी-तुरा आणि संगणकीय भूमिकाखेळ

खेळणाऱ्याने धारण केलेल्या भूमिकेला कोणत्या पक्षात प्रवेश मिळावा आणि कोणत्या पक्षाचे दार तिला बंद राहावे, हा संगणकीय भूमिकाखेळांच्या रचनेतील एक जुना वाद आहे. बंधन नसेल तर निवडीला काही मोल उरत नाही, असे एक मत. खेळ विकत घेणाऱ्यापासून त्यातील काही भाग राखून ठेवणे अन्यायाचे आहे, असे दुसरे. या वादाची चर्चा तो संगणकाबरोबरच जन्मला असावा अशा थाटात होते. मराठी प्रयोगपरंपरेत मात्र तो फार आधी, आणि माणसांच्या प्रत्यक्ष आयुष्याला स्पर्श करीत, घडून गेलेला आहे.

मानवत, पाथरी, सेलू हा परभणी जिल्ह्याचा पट्टा दोन शक्तिपीठांच्या मधला. ईशान्येकडे माहूरची रेणुका, दक्षिणेकडे तुळजापूरची भवानी. लग्नकार्य झाले की कुलाचार म्हणून गोंधळ घालायचा, ही या भागातील रीत. गोंधळ्यांतही रेणुराई आणि कदमराई असे दोन वर्ग आहेत. पहिला माहूरच्या देवीचा, दुसरा तुळजापूरच्या. या वर्गांत कोणी निवडीने जात नाही. तेथे जन्माने असावे लागते. संबळ कितीही उत्तम वाजविता आला तरी परका माणूस तेवढ्याने गोंधळी ठरत नाही. प्रयोगाच्या संहितेत मात्र याच्या उलट आहे. आवाहनात तुळजापूर आणि माहूर ही दोन्ही स्थाने येतात. शिवाय जेजुरीचा खंडोबा येतो, पंढरीचा विठोबा येतो. दैवतांना मोकळे आमंत्रण आणि प्रयोक्त्याला जन्माची अट, अशी ही विलक्षण मांडणी आहे. गोंधळाच्या अभ्यासात आवाहनाच्या उदारपणाचे जितके कौतुक होते, तितका विचार या अटीचा होत नाही.

जन्माची अट आधुनिक खेळालाही अपरिचित नव्हती. 1974 साली अमेरिकेत निघालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या कागद-फाशांच्या खेळापासून पुढच्या संगणकीय भूमिकाखेळांनी बरेच काही घेतले. त्याच्या 1978 च्या प्रगत नियमपुस्तकानुसार पॅलाडिन हा व्रतस्थ योद्धा केवळ मानववंशीयच असू शके, आणि बुटक्या ड्वार्फ वंशाला जादूगार होण्यास मज्जाव होता. 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत ही वंशाधारित बंधने काढून टाकली गेली. वंश कल्पित असल्याने कोणाचे नुकसान झाले नाही हे खरे. परंतु त्या नियमामागचे तर्कशास्त्र मराठी वाचकाने ओळखू नये इतके दूरचे नाही.

कलगी-तुऱ्यातील बंधन निराळ्या जातीचे आहे. तुकनगीर हा गोसावी आणि शाह अली हा फकीर यांच्या वादाने प्रसन्न होऊन चंदेरीच्या राजाने एकाला तुरा व दुसऱ्याला कलगी दिली, अशी दंतकथा आहे. राजस्थानातील तुर्रा-कलंगी ख्यालाच्या परंपरेतही तीच सांगितली जाते. इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकता येणार नाही. पण दोन पक्षांचे मूळ दोन धर्मांच्या साधकांकडे नेण्याची गरज परंपरेला वाटली, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कलगीवाले शक्तीला, मायेला श्रेष्ठ मानतात. तुरेवाले शिवाला, ब्रह्माला. शाहीर एका पक्षाचा होतो तो गुरूमुळे, आणि एकदा झाला की त्या पक्षाची बाजू लढविणे हे त्याचे काम ठरते. उत्तर पेशवाईतील शाहिरांकडे पाहिले तर रामजोशी ब्राह्मण, होनाजी गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान. शाहिराची जागा जातीने बांधलेली नव्हती. अर्थात यावरून तमाशाचा सबंध फड जातिमुक्त होता असे मानणे भाबडेपणाचे होईल. नाचणाऱ्या-वाजविणाऱ्यांच्या जातीच त्याला उत्तर देतात.

या बंधनाचे खरे कार्य सवाल-जवाबात दिसते. भेदिक रचनेत एक पक्ष पुराणातील किंवा तत्त्वज्ञानातील कूट घालतो आणि प्रतिपक्षाने ते सोडवावयाचे असते. न सुटलेला सवाल हा पराभव. त्यामुळे शक्तीचा कैवार घेणाऱ्या शाहिराला ब्रह्मवाद्याची सगळी युक्तिवादसामग्री आत्मसात करावी लागते. पक्ष एकच, पण ज्ञान दोन्ही पक्षांचे, अशी ही अट आहे. बंधन सभासदत्वावर आहे, श्रवणावर नाही. उलट श्रवण सक्तीचे आहे.

हा निकष लावला की अलीकडच्या खेळांतील फरक उघड होतात. 2002 च्या 'मॉरोविंड'मध्ये ह्लालू, रेडोरान आणि टेल्वानी या तीन घराण्यांपैकी एकात शिरले की उरलेली दोन बंद होतात. गमावल्याची ही जाणीव खेळाच्या अर्थाचाच भाग होते. त्याच मालिकेतील 2011 च्या 'स्कायरिम'मध्ये यादवी युद्धातली बाजू निवडावी लागते खरी, पण योद्ध्यांचा संघ, जादूगारांचे विद्यालय, चोरांची संघटना आणि मारेकऱ्यांचे मंडळ या सर्वांत एकाच पात्राला अग्रस्थानी पोहोचता येते. जादूत फारशी गती नसलेला मनुष्य विद्यालयाचा प्रमुख होतो, तेव्हा ते पद अलंकारापुरते उरते. येथे स्वातंत्र्य वाढले असे म्हणण्यापेक्षा पक्ष नाहीसे झाले असे म्हणणे अधिक बरोबर.

दुसऱ्या टोकाला 2004 चा 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आहे. तेथे अलायन्स की होर्ड हे सामान्यतः निवडलेल्या वंशाने ठरे. आणि विरुद्ध पक्षाच्या खेळाडूने लिहिलेले शब्द पडद्यावर निरर्थक अक्षरे होऊन उमटत. शत्रू दिसे, मारता येई, त्याला प्रश्न मात्र विचारता येत नसे. 2022 साली दोन्ही पक्षांच्या खेळाडूंना एकाच तुकडीत येण्याची मुभा मिळाली, तीही अठरा वर्षांनी. कलगी-तुऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर दोष दोन पक्ष असण्यात नव्हता. प्रतिपक्षाची वाणी हिरावून घेण्यात होता.

मराठी परंपरेचे याबाबतीत गौरवीकरण करण्याचे कारण नाही. कोकणात, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यात, जाखडीच्या रूपाने शक्ती-तुरा टिकला आणि तेथून आलेल्या कष्टकऱ्यांबरोबर मुंबईच्या रंगमंचावर पोहोचला. तेथील बारीत शास्त्रार्थाची जागा पुष्कळदा व्यक्तिगत टोमण्यांनी घेतली आहे, आणि सवाल जितका उथळ तितका पक्षभेद नुसता वेषापुरता होतो. तरीही शक्तीवाले आणि तुरेवाले दोघांनाही आरंभी गण म्हणावा लागतो. आणि ज्या गणपतीला ते आवाहन करतात, तो शिव आणि शक्ती या दोघांचाही पुत्र आहे.