तळटीप १७ : सोपारा
१७. सोपारा : वसई तालुक्यात, नालासोपारा स्थानकाच्या पश्चिमेला. प्राचीन ग्रंथांतले शूर्पारक ते हेच, 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनातही (इ. स. पहिले शतक) या बंदराचे नाव आहे. पुढे खाडी गाळाने भरत गेली. लेखक गलबते लागताना दाखवतो, त्या परिसरात आज खाजण, मिठागरे आणि वाढती वस्ती आहे.

एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरुड राजाचा कोट' नावाचा उंचवटा खणला, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक ठेवलेले करंडक. सर्वांत आतल्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. ते बुद्धाच्या पात्राचे मानले गेले. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही १८८२ मध्येच सापडला. नवव्याचा १९५६ मध्ये, जवळच्या भुईगावला. उताऱ्यातला 'राजाज्ञेचा दगड' बहुधा यांपैकी पहिला.

स्तूप पाहायला जाणाऱ्याने स्थानकाबाहेरची गर्दी पाहून परत फिरू नये. चक्रेश्वर तलावाकाठची ब्रह्मदेवाची उभी मूर्तीही चुकवू नये.