कुलाब्याची खोती आणि आंबेडकरांचा अर्थविचार

आजचा रायगड जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखला जात असे आणि त्याच्या किनारपट्टीवरील अनेक गावांत शेतकरी व सरकार यांच्यामध्ये खोत उभा होता. खोत म्हणजे गावाचा सारा सरकारात भरण्याची हमी घेणारा वतनदार. साऱ्याहून जे अधिक तो कुळाकडून वसूल करी, त्याला खोतफायदा म्हणत, आणि त्याखेरीज वेठही घेतली जाई.

दोन्ही पक्षांनी राजीखुशीने केलेल्या करारात सरकारने हात घालू नये, हे उदारमतवादी अर्थशास्त्राचे जुने सूत्र होते. मात्र त्याच परंपरेतील जॉन स्टुअर्ट मिलने आयर्लंडच्या कुळांविषयी लिहिताना, जमिनीवाचून उपजीविकेचे दुसरे साधन नसलेली माणसे चढाओढीत न फेडता येणारा खंडही कबूल करतात, असे दाखवून दिले होते. कुलाब्यातील कुळांची अवस्था याहून निराळी नव्हती. म्हणूनच नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली अलिबाग तालुक्यातील चरी व आसपासच्या गावांनी १९३३ मध्ये संप पुकारला, तेव्हा त्यांनी खंड नाकारण्यावर न थांबता जमीन कसणेच बंद केले आणि १९३९ पर्यंत भाताची खाचरे ओस ठेवून उपासमार पत्करली.

या लढ्याला पाठिंबा देणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे कोलंबिया व लंडन येथे शिकलेले अर्थशास्त्रज्ञ होते. सप्टेंबर १९३७ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले; त्यात खोताला वाजवी मोबदला देण्याची आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला थेट सरकारचा खातेदार करण्याची तरतूद होती, म्हणजे मालमत्तेचे तत्त्व न मोडता मधला दुवा तेवढा काढावयाचा होता. दहा वर्षांनी ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मात्र ते पुढे गेले: सरकार दूर राहिल्याने मिळणारे स्वातंत्र्य हे जमीनदाराला खंड वाढवण्याचे स्वातंत्र्य ठरते, असा युक्तिवाद करून त्यांनी शेती हा सरकारी उद्योग करावा असे सुचवले.

प्रत्यक्षात कायद्याने पहिलाच मार्ग धरला. १९३९ च्या कूळकायद्याने संरक्षित कुळाची कल्पना आणली, १९४९ च्या कायद्याने खोती संपली आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनी कुळे किंमत देऊन जमिनीची मालक ठरली. मिलने कुळांसाठी सुचवलेला उपायही जमिनीवरचा कायमचा हक्क हाच होता.