शेवटचा काळ आणि मूळ ग्रंथ

मंडळी, दुष्काळ पडला, साथ आली, कुठं लढाई पेटली, की कोणीतरी पवित्र शास्त्र उघडून जगाच्या शेवटाची तारीख सांगतोच. ऐकणारा घाबरतो. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात, जिथं घराचं सगळं वर्ष पावसावर अवलंबून, तिथं ही भीती फार महाग पडते. मग ख्रिस्ती माणसानं भविष्यवचनं बाजूला ठेवावीत का? आमचं म्हणणं उलट आहे. ती मुळातून अभ्यासावीत.

एक उदाहरण घेऊ. अमेरिकेतला शेतकरी विल्यम मिलर. दानीएलाच्या आठव्या अध्यायातले २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षं, असं त्यानं धरलं आणि इ.स.पू. ४५७ पासून मोजणी केली. शेवटी त्याच्या अनुयायांत २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. काहींनी तर शेतातलं उभं पीकही काढलं नाही. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला.

आता मूळ पाहू. मिलरच्या हातातल्या इंग्रजी बायबलात ‘दिवस’ असा शब्द होता. हिब्रूत तिथं ‘संध्याकाळ-सकाळ’ असं आहे. मंदिरात अर्पण रोज दोनदा व्हायचं. म्हणून बरेच अभ्यासक ही संख्या अर्पणांची धरतात. मग दिवस होतात ११५०, म्हणजे तीन वर्षांहून थोडे अधिक. अंतियोख राजानं इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमेचं मंदिर भ्रष्ट केलं, आणि इ.स.पू. १६४ मध्ये ते पुन्हा शुद्ध झालं. या अर्थानं पाहिलं, तर छळात होरपळणाऱ्यांना हे वचन सांगतं, की जुलमाला मुदत असते. दुसरी मतंही आहेत. पण मूळ शब्द कळला, की कोणतंच गणित डोळे झाकून मानता येत नाही. प्रकटीकरणाचंही तसंच. दानीएल, यहेज्केल, जखऱ्या वाचल्याशिवाय त्यातली चित्रं उलगडत नाहीत.

ही वाट आपल्याकडे नवी नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या वारल्या, तोवर हेच काम चाललं होतं. १९५३ साली याच यवतमाळात युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. म्हणजे तीस वर्षं हे शास्त्राध्ययन आपल्या दारात होत होतं.

मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात येशू सांगतो, की तो दिवस पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. लगेच पुढं जागं राहायला सांगतो, आणि दाखला देतो तो घरच्यांना वेळेवर जेवू घालणाऱ्या विश्वासू चाकराचा. म्हणजे जागं राहणं हे रोजच्या कामात दिसायचं. बिरुयाच्या लोकांनी तर खुद्द पौलाचं बोलणंही रोज शास्त्राशी ताडून पाहिलं. तेव्हा पुढच्या वेळी कोणी तारीख सांगितली, तर त्याला अध्याय विचारा, मूळ शब्द विचारा, आणि तो कोणासाठी लिहिला होता तेही विचारा. आणि पेरणीची वेळ असेल, तर पेरणी थांबवू नका.