बरोबरीचा अन्वयार्थ

२३ नोव्हेंबर १९६८ रोजी बॉस्टनमधील हार्वर्ड स्टेडियमवर हार्वर्ड आणि येल या दोन विद्यापीठांमधील फुटबॉलचा सामना २९-२९ असा बरोबरीत सुटला. त्यानंतर 'हार्वर्ड क्रिम्झन' या विद्यार्थ्यांच्या दैनिकाने दिलेला मथळा अमेरिकी क्रीडापत्रकारितेत अजरामर झाला आहे: 'हार्वर्डची येलवर मात, २९-२९'. मथळ्यातील आकडे खरे आहेत आणि क्रियेचा अर्थ त्या आकड्यांना धरून नाही. तरीही त्या दिवशी मैदानावर असलेल्या कोणालाही तो खोटा वाटला नसावा. दोन वर्षांपूर्वी अशाच एका बरोबरीचा देशभर पळपुटेपणा म्हणून उपहास झाला होता. धावफलक समान असताना अर्थ इतके विरुद्ध कसे निघतात, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना परका वाटू नये. म्हणूनच तो येथे मांडावासा वाटतो.

आरंभीच एक खुलासा करणे आवश्यक आहे. येथे फुटबॉल म्हणजे अमेरिकी फुटबॉल. लांबट अंडाकृती चेंडू हातात घेऊन किंवा फेकून पुढे न्यायचा, चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड सरकायचे आणि शेवटी प्रतिपक्षाची गोलरेषा ओलांडायची, असा हा खेळ. रेषा ओलांडली की सहा गुण. त्यानंतर चेंडू खांबांमधून लाथाडला तर आणखी एक, आणि धोका पत्करून पुन्हा रेषेपलीकडे नेला तर दोन. हा दोन गुणांचा पर्याय महाविद्यालयीन खेळात १९५८ साली आला आणि पुढे सांगितलेल्या दोन कथांचा शेवट त्यानेच घडवला. या खेळाचा पहिला आंतरमहाविद्यालयीन सामना रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात ६ नोव्हेंबर १८६९ रोजी झाला, असे मानले जाते. तेव्हापासून शनिवारचा सामना आणि त्यानंतर आठवडाभर चालणारी त्याची चिकित्सा हा तेथील विद्यापीठीय जीवनाचा भाग होऊन बसला. माजी विद्यार्थी, प्राध्यापक, गावातील दुकानदार, स्थानिक वार्ताहर असे सारेच त्या चिकित्सेत भाग घेतात. आमचे लक्ष खेळापेक्षा या चिकित्सेकडे अधिक आहे.

आधी १९६८ची हकिकत पाहू. दोन्ही संघ हंगामभर अपराजित होते. मात्र येलचे पारडे स्पष्टपणे जड होते. ब्रायन डाउलिंग आणि कॅल्विन हिल हे त्यांचे दोन खेळाडू तेव्हा दंतकथेच्या पायरीवर पोहोचले होते. डाउलिंगवरून त्याच काळात गॅरी ट्रुडो नावाच्या येलच्या विद्यार्थ्याने एक व्यंग्यचित्र-पात्र बेतले आणि पुढे 'डून्सबरी' या चित्रमालिकेतून ते देशभर पोहोचले. येलने २२-० अशी आघाडी घेतली. शेवटच्या मिनिटात धावफलक २९-१३ होता. मग उरलेल्या ४२ सेकंदांत हार्वर्डने १६ गुण मिळवले. मूळ क्वार्टरबॅकच्या जागी उतरवलेल्या फ्रँक चँपी या राखीव खेळाडूने ती किमया घडवली. घड्याळातील वेळ संपता संपता त्याचा चेंडू कर्णधार व्हिक गॅटोच्या हाती विसावला आणि २९-२७ झाले. वेळ संपल्यानंतरच्या दोन गुणांच्या प्रयत्नात पीट व्हार्नीने चेंडू झेलला आणि बरोबरी झाली.

येलच्या बाजूनेही त्या निकालाचे वाचन वेगळे नव्हते. आपण हरलो नसलो तरी हरल्यासारखेच वाटते, अशा आशयाची कबुली प्रशिक्षक कार्मेन कोझा यांनी दिली. म्हणजे 'क्रिम्झन'चा मथळा केवळ पक्षपाती चाहत्यांचा उन्माद नव्हता. प्रेक्षक गुणांची बेरीज करत नव्हते, ते कथानकाचा कल पाहत होते. १६ गुणांनी मागे असलेला बरोबरीला आला की ती चढण असते, आणि १६ गुणांनी पुढे असलेला बरोबरीला आला की ती घसरण असते. कथेचा शेवट आधीच्या घटनांनी निर्माण केलेल्या अपेक्षेवर तोलला जातो, हे आपण वर्गात कथात्म साहित्य शिकवताना नित्य सांगतो. येथे तेच तत्त्व हजारो प्रेक्षकांनी कोणत्याही शिकवणीविना लावले.

आता मागे, १९ नोव्हेंबर १९६६ या दिवसाकडे जाऊ. स्थळ मिशिगन राज्यातील ईस्ट लॅन्सिंग. पहिल्या क्रमांकावरील नोटर डेम आणि दुसऱ्या क्रमांकावरील मिशिगन स्टेट हे दोन अपराजित संघ समोरासमोर आले. मिशिगन स्टेटने १०-० अशी आघाडी घेतली. नोटर डेमचा मुख्य क्वार्टरबॅक टेरी हॅनरॅटी पहिल्याच सत्रात जखमी होऊन बाहेर पडला. त्यांचा धावपटू निक एडी तर सामन्यापूर्वीच, ईस्ट लॅन्सिंगला आलेल्या आगगाडीतून उतरताना खांदा दुखावून बसला होता. तरीही राखीव क्वार्टरबॅक कोली ओब्रायनच्या नेतृत्वाखाली त्यांनी १०-१० अशी बरोबरी साधली. शेवटचे सुमारे सव्वा मिनिट उरले असताना चेंडू त्यांच्याकडे, पण त्यांच्याच अर्ध्या भागात होता. प्रशिक्षक अरा पार्सेगियन यांनी लांब फेकीचा जुगार न खेळता जपून धावण्याचे डाव लावले आणि वेळ संपू दिली.

यावर जी टीका झाली, तिने पार्सेगियन यांचा अखेरपर्यंत पाठलाग केला. 'स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड'मध्ये डॅन जेन्किन्स यांनी नोटर डेमच्या विजयगीताचाच आधार घेऊन त्यांची थट्टा उडवली. ज्या संस्थेच्या लोककथेत मरणासन्न खेळाडूच्या नावाने सामना जिंकून दाखवण्याची शपथ आहे, तिने बरोबरीवर समाधान मानावे, हा त्या थट्टेचा गाभा होता. दहा गुणांची पिछाडी भरून काढल्यावर सामना फुकट दान करायचा नव्हता, अशी बाजू पार्सेगियन यांनी मांडली. नोटर डेमच्या चाहत्यांनी पुढे अनेक दशके तीच लढवली.

थट्टेच्या ओघात काही तपशील मात्र नाहीसे झाले. त्या शेवटच्या मालिकेत चौथ्या प्रयत्नात एक यार्ड हवा असताना, स्वतःच्याच अर्ध्या भागात, नोटर डेमने चेंडू लाथाडून न देता पुढे घुसण्याचा धोका पत्करला होता. फसले असते तर सामना तेथेच हातचा गेला असता. आणि त्याआधी आपल्या शेवटच्या संधीत मिशिगन स्टेटनेही चेंडू लाथाडूनच दिला होता. सावधपणा दोघांकडे होता, पण दूषण एकाच्याच वाट्याला आले, कारण शेवटचे दृश्य त्याचे होते. शेवटच्या प्रकरणावरून अख्ख्या कादंबरीचा निवाडा करणारा समीक्षक आपल्या परिचयाचा आहेच.

पुढच्याच आठवड्यात नोटर डेमने सदर्न कॅलिफोर्नियाचा ५१-० असा धुव्वा उडवला. त्या काळी राष्ट्रीय विजेता मैदानावर ठरत नसे, तर मतदानाने ठरत असे. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था १९३६पासून क्रीडापत्रकारांचा कौल घेत आली होती. युनायटेड प्रेस इंटरनॅशनलचा प्रशिक्षकांचा कौल वेगळा. १९६६ साली दोन्ही कौल नोटर डेमच्या बाजूने गेले. खेळाचा अंतिम निर्णयच समीक्षकांच्या मतपत्रिकेवर सोपवणारी ही व्यवस्था सामन्यानंतरच्या चर्चेला निराळेच वजन देणारी होती. चाहत्यांचा वाद हा नुसता विरंगुळा नव्हता. आपला संघ कसा खेळला, हे इतरांना पटवून देण्यावर विजेतेपद अवलंबून होते.

आणि येथेच चर्चेचा सर्वांत अवघड भाग येतो. त्या वर्षी अलाबामा विद्यापीठाचा संघ एकही सामना न हरता, एकही बरोबरी न करता तिसऱ्या क्रमांकावर राहिला. अलाबामाच्या चाहत्यांत त्या अन्यायाची आठवण आजही जिवंत आहे. २००६ साली कीथ डनाव्हंट यांनी या हंगामावर 'द मिसिंग रिंग' हे पुस्तक लिहिले. पण अलाबामाचा तो संघ पूर्णपणे गौरवर्णीय होता. १९६३ साली त्याच विद्यापीठाच्या दारात राज्यपाल जॉर्ज वॉलेस कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवून उभे राहिले होते. तेथील फुटबॉल संघात कृष्णवर्णीय खेळाडू प्रत्यक्ष सामन्यात उतरायला १९७१ साल उजाडले. उलट मिशिगन स्टेटचे १९६६चे दोन्ही कर्णधार, जॉर्ज वेब्स्टर आणि क्लिंट जोन्स, कृष्णवर्णीय होते. वेब्स्टर साउथ कॅरोलायनाचा, क्वार्टरबॅक जिमी रे नॉर्थ कॅरोलायनाचा, बब्बा स्मिथ टेक्ससचा. दक्षिणेतील मोठ्या विद्यापीठांची दारे त्यांना बंद होती, म्हणून ही मुले शेकडो मैल उत्तरेला आली होती. नोटर डेमच्या बाजूला कृष्णवर्णीय खेळाडू एकच, ॲलन पेज. तो पुढे मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश झाला.

अलाबामाच्या खेळाडूंनी आपले सामने जिंकले होते, हे खरे. त्यांच्या विजयांच्या मोजमापात काही खेळाडूंना प्रवेशच नव्हता, हेही तितकेच खरे. पार्सेगियन यांच्या शेवटच्या सव्वा मिनिटावर जितकी शाई खर्ची पडली, त्या मानाने मैदानावर दिसणाऱ्या या चित्राचे मूल्यमापन फार कमी झाले. चाहत्यांचे मूल्यमापन बहुधा रेषेच्या आत काय घडले त्याचे असते, आणि रेषेच्या आत कोणाला येऊ दिले हा प्रश्न त्यातून निसटतो. १९६८च्या हार्वर्ड-येल सामन्यालाही हे लागू आहे. त्या दिवशी येलच्या पदवी महाविद्यालयात मुलींना प्रवेश नव्हता, तो पुढच्या वर्षी मिळाला. हार्वर्डच्या संघात व्हिएतनाममधील खे सान्ह येथून लढून परतलेला एक खेळाडू होता. केविन रॅफर्टी यांनी २००८ साली त्याच मथळ्याच्या नावाने केलेल्या माहितीपटात उतारवयाकडे झुकलेले खेळाडू सामन्याबरोबर त्या काळाविषयीही बोलतात, तेव्हा त्या २९-२९चा अर्थ पुन्हा एकदा बदललेला जाणवतो.

येथे भाषेचा एक मुद्दा उपस्थित होतो. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्दिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की सोमवारी वर्गात विद्यापीठाचे नाव असलेले कपडे घालणाऱ्यांची संख्या वाढते, असे त्यांना आढळले. दूरध्वनीवरून सामन्याचा निकाल विचारला असता विजयाच्या वर्णनात प्रथमपुरुषी अनेकवचन अधिक आले, पराभवाच्या वर्णनात ते घटले. ज्यांना आधीच्या प्रश्नावलीत कमी गुण पडल्याचे सांगितले होते, त्यांच्यात हा फरक अधिक ठळक होता. म्हणजे 'जिंकलो' हे क्रियापद स्वतःच्या उणेपणावर घातलेले पांघरूणही असते.

इंग्रजीत त्यासाठी एकच सर्वनाम आहे. मराठीत दोन आहेत: ऐकणाऱ्याला वगळणारे 'आम्ही' आणि त्याला सामावून घेणारे 'आपण'. 'आपण जिंकलो' म्हणणारा शेजाऱ्याला आनंदात वाटेकरी करतो, 'आम्ही जिंकलो' म्हणणारा त्याला हिणवतो. बरोबरीनंतर कोणते सर्वनाम वापरायचे? 'क्रिम्झन'ने या पेचातून सुटका करून घेतली, ती विद्यापीठाचे नाव कर्त्याच्या जागी ठेवून. सर्वनाम टळले आणि अभिमान शिल्लक राहिला.

तिसरी घटना २ जानेवारी १९८४ची, मायामीतील 'ऑरेंज बोल' सामन्याची. अपराजित आणि अव्वल असलेला नेब्रास्का संघ शेवटच्या मिनिटात ३१-३० असा मागे होता. एक गुणाची लाथ मारून बरोबरी केली असती, तर मतदानात विजेतेपद जवळजवळ निश्चितपणे त्यांचेच होते. प्रशिक्षक टॉम ऑसबॉर्न यांनी दोन गुणांचा प्रयत्न केला. चेंडू मायामीच्या खेळाडूच्या बोटांना लागून उडाला, सामना गेला, विजेतेपदही गेले. त्या पराभवाने मात्र ऑसबॉर्न यांची प्रतिष्ठा वाढवली. १९६६ची बरोबरी विजेतेपद देऊन नाव खाली करून गेली आणि १९८४चा पराभव विजेतेपद घेऊन नाव वर करून गेला. चाहत्यांच्या स्मरणातील जमाखर्च धावफलकाहून वेगळ्या वहीत लिहिला जातो, याला याहून बोलका पुरावा नसेल.

१९९६च्या हंगामापासून सर्वोच्च श्रेणीच्या महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये जादा वेळेचा नियम आला आणि बरोबरी संपली. २५ नोव्हेंबर १९९५ रोजी विस्कॉन्सिन आणि इलिनॉय यांच्यातील ३-३ हा त्या श्रेणीतील शेवटचा अनिर्णित सामना ठरला. आता प्रत्येक सामन्याला विजेता असतो. नियम बदलण्यामागे प्रेक्षकांची निर्णयाची भूक होती आणि ती समजण्याजोगी आहे. तरीही त्याबरोबर काहीतरी गेले, असे आम्हांस वाटते. बरोबरी हा असा निकाल होता, की जो प्रेक्षकाला घरी जाताना स्वतःचे मत बनवायला भाग पाडत असे. कोण धैर्याने खेळले, कोणाचा सावधपणा रास्त होता, कोणाला खेळूच दिले नव्हते, या प्रश्नांची उत्तरे धावफलक देत नसे. आमच्या विद्यार्थ्यांना कवितेचा 'नेमका' अर्थ एका वाक्यात हवा असतो. त्यांच्यासमोर आम्ही यापुढे कधीतरी तो मथळा फळ्यावर लिहू, आणि त्यातील चूक शोधायला सांगू.