तराजूचा कांटा आणि वृद्धाचे पाय

सतराव्या शतकाच्या आरंभीं इटलींत सान्तोरियो नांवाचा एक वैद्य तराजूला टांगलेल्या खुर्चीवर बसून जेवीत असे. जेवणापूर्वीं व जेवणानंतर तो आपलें वजन करी. खाल्लेलें अन्न, प्यालेलें पाणी आणि शरीरानें टाकलेला मळ ह्यांचेंहि वजन करी. हा खटाटोप त्यानें सुमारें तीस वर्षें चालविला. १६१४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या लॅटिन ग्रंथांत त्यानें असें मांडलें कीं, दिवसाकांठीं आठ पौंड अन्नपाणी घेतलें, तर त्यांपैकीं पांच पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या बाष्पाच्या रूपानें निघून जातें. त्याचा हा हिशेब आज जसाच्या तसा कोणी मानणार नाहीं. परंतु शरीर ही मोजण्याजोगी वस्तु आहे, हा विचार वैद्यकांत रुजविण्याचें पुष्कळसें श्रेय त्या टांगलेल्या खुर्चीकडे जातें.

पुढें दोन शतकांनीं ब्रुसेल्सच्या वेधशाळेंतील ज्योतिर्गणिती आडोल्फ केतले ह्यानें तारे मोजतां मोजतां माणसेंहि मोजावयास घेतलीं. लठ्ठपणाशीं त्याला कांहीं कर्तव्य नव्हतें. ‘सरासरी मनुष्य’ कसा असतो, एवढेंच त्याला ठरवावयाचें होतें. १८३५ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें दाखविलें कीं, प्रौढ माणसांचें वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें. विसाव्या शतकांत अमेरिकेंतील विमा कंपन्यांनीं उंची व वजनाचे आपले तक्ते केले. त्यांना चिंता होती ती विमेदार केव्हां मरेल ह्याची. १९७२ सालीं अँसेल कीज ह्या अमेरिकन शास्त्रज्ञानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं पांच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांचीं मापें तपासून केतलेचेंच प्रमाण पुन्हां पुढें आणलें आणि त्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हें नांव दिलें. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागावें, कीं हा अंक निघतो. त्या पाहणींत स्त्री एकहि नव्हती, हें मात्र पुढें तो अंक घरोघर वापरणाऱ्यांच्या ध्यानांत राहिलें नाहीं.

ह्या अंकाचा उपयोग नाहीं असें नव्हे. मोठ्या जनसमुदायाची पाहणी करावयाची असेल, तर इतकें स्वस्त व सोपें साधन दुसरें मिळणें कठीण. पण कांट्याला मांस आणि मेद ह्यांतला भेद कळत नाहीं. ह्याचें एक मासलेवाईक उदाहरण पुण्याचेंच आहे. २००४ सालीं ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रांत पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघां संशोधकांचें छायाचित्र शेजारीं शेजारीं छापलें गेलें. दोघांचाहि अंक २२.३, म्हणजे अगदीं निर्दोष. परंतु शरीरांतील मेदाचें प्रमाण मोजलें तेव्हां इंग्रज गृहस्थांचें ९.१ टक्के, तर पुणेकरांचें २१.२ टक्के भरलें!

हाच प्रकार एकाच माणसाच्या शरीरांत वाढत्या वयाबरोबर घडतो. चाळिशींत साठ किलो भरणारा मनुष्य पंचाहत्तरींतहि साठच भरला, तर घरचीं माणसें कौतुक करतात. मधल्या काळांत मांडीचे स्नायु झिजून त्यांची जागा चरबीनें घेतली असेल, तर तें त्या कौतुकांत दिसत नाहीं. तें दिसतें जिन्यावर, आणि हातांचा टेका न घेतां पाटावरून उठतांना. ह्या झिजेला बराच काळ स्वतंत्र नांवसुद्धां नव्हतें. म्हातारपण म्हणून ती सोडून दिली जाई. १९८९ सालीं आयर्विन रोझेनबर्ग ह्यांनीं मांस व उणीव अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनविलेला ‘सार्कोपीनिया’ हा शब्द छापून प्रसिद्ध केला. अमेरिकेंतील रोगांच्या यादींत त्याला स्वतंत्र क्रमांक मिळण्यास २०१६ साल उजाडावें लागलें.

नांव नव्हतें तोंवर उपायहि एकच होता, आणि तो म्हणजे विश्रांति. ‘आतां तुम्ही बसून रहा’ हें वाक्य आदराचें, मायेचें; पण अंथरुणाला खिळलेल्या शरीराचे स्नायु भराभर झिजतात, ही गोष्ट मायेला ठाऊक नसते. ह्या समजुतीच्या उलट वागणारी माणसेंहि होतीं. औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि ह्यांनीं तारुण्यांत सँडोच्या पद्धतीची कसरत केली. पुढें ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि आपल्या संस्थानांतील शाळांतून त्यांनीं ते सुरू केले. १९३८ सालीं त्यांचें ह्या विषयावरील इंग्रजी पुस्तक लंडनला निघालें, तेव्हां ते सत्तरीच्या उंबरठ्यावर असून नमस्कार घालीतच होते. नमस्कारांत हातापायांना स्वतःच्या देहाचा भार पेलावा लागतो, हें त्यांतील मर्म. राजाचें उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो रास्तहि आहे. राजाला सवड असते, सकस आहार असतो.

पुरावा आला तो १९९० सालीं, बोस्टनमधील एका वृद्धालयांतून. मारिया फियाटारोन ह्या डॉक्टरीणबाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तेथील दहा दुर्बळ वृद्धांना पायांनीं वजन उचलण्याचा कठीण व्यायाम दिला. त्यांचें सरासरी वय नव्वद. अशा वयांत लोखंड उचलावयास लावणें म्हणजे हाडें मोडून घेणें, असेंच कोणालाहि वाटलें असतें. आठ आठवड्यांचा हा क्रम नऊजणांनीं पुरा केला. त्यांच्या पायांची शक्ति सरासरीनें १७४ टक्क्यांनीं वाढली, मांडीच्या मध्यभागींचे स्नायु ९ टक्क्यांनीं भरले, आणि पावलापुढें पाऊल ठेवून चालण्याची गति ४८ टक्क्यांनीं सुधारली.

नऊ माणसांवरून जगाला नियम सांगूं नये. म्हणून त्याच संशोधकांनीं शंभर वृद्धांवर पुन्हां प्रयोग केला व १९९४ सालीं तो प्रसिद्ध केला. ह्यांचें सरासरी वय ८७. त्रेसष्ट स्त्रिया, सदतीस पुरुष. कांहींना व्यायाम दिला, कांहींना पौष्टिक पेय, कांहींना दोन्ही, तर कांहींना दोन्हींपैकीं एकहि नाहीं. दहा आठवड्यांनीं व्यायाम करणाऱ्यांची शक्ति ११३ टक्क्यांनीं वाढली. न करणाऱ्यांची अवघी ३ टक्के. जिना चढण्याचें बळहि व्यायाम करणाऱ्यांचेंच वाढलें. नुसत्या पौष्टिक पेयानें मात्र दुर्बळता हटली नाहीं. आजोबांपुढें दुधाचा पेला ठेवून त्यांना पुन्हां आरामखुर्चींत बसविणाऱ्या घरांनीं ह्या शेवटच्या निष्कर्षाकडे विशेष लक्ष द्यावयास हवें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं दिलेल्या सूचनांत पासष्टीपुढील माणसांना चालण्यासारख्या हालचालींच्या जोडीला आठवड्यांतून निदान तीन दिवस तोल व बळ वाढविणारा व्यायामहि सांगितला आहे.