अक्षररूप दूरध्वनी आणि वर्धा

सेवाग्राम आश्रमात एक जुने दूरध्वनियंत्र जपून ठेवलेले आहे. व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना गांधीजींशी थेट बोलता यावे यासाठी ते बसविण्यात आले, असे तेथे येणाऱ्यास सांगण्यात येते. गांधीजी सोमवारी मौन पाळीत आणि त्या दिवशी जे सांगावयाचे ते कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून देत. समोर बसलेल्या माणसास तो चिटोरा पुरे. तारेतून मात्र तो पलीकडे जाणे शक्य नव्हते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या दृष्टीने हे यंत्र सोमवारीच काय, पण आठवड्याचे सातही दिवस मुके होते.

यातील विपर्यास असा की, १८७६ साली दूरध्वनीचे एकस्व मिळविणारा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा मूळचा बधिरांचा शिक्षक. जिभेची व ओठांची ठेवण चिन्हांनी दाखविणारी एक लिपी त्याच्या वडिलांनी रचली होती, आणि तीच तो शिकवीत असे. त्याची पत्नी मेबल लहानपणीच बहिरी झालेली होती. त्याचे यंत्र घरोघर गेले, परंतु त्याच्या स्वतःच्या घरातच त्याचा उपयोग न करू शकणारी व्यक्ती होती.

ही उणीव भरून काढण्याचे काम अखेर बधिरांनीच केले. रॉबर्ट वाइटब्रेख्ट या बधिर भौतिकशास्त्रज्ञाने १९६४ साली कॅलिफोर्नियात टंकदूरमुद्रकाच्या संकेतांचे ध्वनीत रूपांतर करून ते साध्या दूरध्वनीच्या श्रवणिकेतून पाठविण्याची युक्ती सिद्ध केली. पलीकडे जेम्स मार्स्टर्स हे बधिर दंतवैद्य होते. कंपन्यांनी मोडीत काढलेली जुनी टंकयंत्रे या कामी लावण्यात आली. एका वेळी एकानेच लिहावयाचे असल्याने आपले म्हणणे संपल्याची खूण म्हणून दोन अक्षरे टंकण्याचा प्रघात पडला. प्रत्यक्ष बोलताना जे काम स्वराचा उतार सहज करतो, ते येथे दोन अक्षरांवर सोपवावे लागले.

ही युक्ती मराठीस त्या काळी का लाभली नाही, याचे एक कारण लिपीत आहे आणि त्याचा धागा वर्ध्यापर्यंत येतो. त्या यंत्रांचा संकेत पाच घटकांचा. म्हणजे बत्तीस जागा, आणि कळ बदलून त्यांचा दुहेरी उपयोग. रोमन लिपीची सव्वीस अक्षरे त्यात सुखाने मावतात. स्वर, मात्रा, व्यंजने आणि जोडाक्षरे यांचा देवनागरी संसार त्यात कसा मावावा? १९३५ साली हिंदी साहित्य संमेलनाच्या इंदूर अधिवेशनानंतर लिपिसुधारणेचा जो उद्योग झाला त्याची धुरा काकासाहेब कालेलकरांकडे होती. १९३६ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने आपल्या पुस्तकांत 'इ', 'उ', 'ए' यांच्या जागी 'अि', 'अु', 'अे' छापण्यास आरंभ केला. वाचकांनी या 'अ'च्या बाराखडीची थट्टाही पुष्कळ केली. परंतु टंक कमी व्हावेत आणि यंत्रास नागरी पेलावी ही तीमागील दृष्टी कोत्या मनाची नव्हती. ही बाराखडी टिकली नाही. पुढे संगणकाने जागांची टंचाईच संपविली. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीस तिचे स्वतंत्र स्थान मिळाले.

दरम्यान प्रश्नाचे स्वरूप पालटले होते. जन्मतः बधिर असलेल्यांपेक्षा उतारवयात ऐकणे मंदावलेल्यांची संख्या फार मोठी. त्यांना बोलता येते, थोडे ऐकूही येते. गळतात ती मुख्यतः उच्च कंपनांची व्यंजने. त्यात जुना दूरध्वनी सुमारे ३०० ते ३४०० कंपनांपलीकडचा ध्वनी कापून टाकतो. मग 'साठ' आणि 'आठ' यांत भेद राहत नाही. औषधाचा डोस किंवा रुग्णालयाची तारीख विचारणाऱ्यास हा भेद क्षुल्लक नसतो. अशांसाठी अमेरिकेत मथळायुक्त दूरध्वनी निघाला. २००३ साली तेथील दळणवळण आयोगाने त्यास मान्यता दिली. पलीकडच्याचे बोलणे एक मध्यस्थ ऐके व आपल्या आवाजात पुन्हा उच्चारी. त्या आवाजास सरावलेले यंत्र ते अक्षरांत उतरवी. पुढे मध्यस्थाची जागा बव्हंशी यंत्रानेच घेतली. गूगलच्या वाणी-ओळख व्यवस्थेत मराठीचा समावेश २०१७ साली झाला. त्याच वर्षी भारतात अमलात आलेल्या दिव्यांग हक्क कायद्याने दृक्श्राव्य माध्यमांत मथळ्यांची अपेक्षा केली आहे.

परंतु कोणती मराठी? ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडाने (१९०५) नागपुरी व वऱ्हाडी बोलींचे जे विवेचन केले, त्याची आठवण येथे होते. या भागात 'मला' न म्हणता 'मले' म्हणतात; 'ळ' चा 'य' होतो, म्हणून 'डोळा' तो 'डोया' आणि 'काळा' तो 'काया'. प्रमाण भाषेवर पोसलेल्या यंत्राने 'काया' ऐकले तर ते 'काया' असेच लिहील, आणि वाचणाऱ्यास वाटेल की शरीराविषयी काही चालले आहे. ऐकू येणारा माणूस अशी चूक कानाने क्षणात दुरुस्त करतो. ही अक्षरे ज्याच्यासाठी उमटतात, त्याच्याजवळ नेमके तेच साधन नसते. आर्वीची बहीण फोनवर आपल्या बोलीत बोलू लागली, म्हणजे वर्ध्यातील वृद्ध भावाने पडद्यावरील ओळ खरी मानावी की तिचा स्वभाव आठवून ती मनात दुरुस्त करून घ्यावी, हे ठरविणे आज त्याच्यावरच सोपविलेले आहे, आणि घरात नातू असला तर तो धावत येऊन म्हणतो, “आबा, ते तसं नाही, आत्या काळ्या गाईबद्दल सांगतेय.”